'हाव' म्हणजे होच असं नाही

एकमत झालं की मला धडकी भरते. पंगतीत सगळे एका सुरात "भाजी मस्त झाली" म्हणाले की मी पुन्हा एक घास घेऊन मीठ तपासते. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडची मंडळी पहिल्याच बैठकीत सगळ्याला मान डोलावू लागली, की घरी येऊन नवऱ्याला म्हणते, कुठंतरी पाणी मुरतंय. तो मला शंकासुर म्हणतो. माझी शंका दरवेळी खरी निघते असं मुळीच नाही. भाजी बहुतेकदा चांगलीच असते. पण खोड आहे, आणि या वयात आता ती जायची नाही.

पोटापाण्याचा धंदाही मला नेमका असाच मिळाला. अमरावतीच्या एका मेडिकल कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. डॉक्टर लोक अभ्यास करतात आणि मी त्यांचे आकडे तपासून देते. एकाच उपचारावर ठिकठिकाणी अनेकांनी अभ्यास केलेले असतात. ते सगळे गोळा करून त्यांचा मिळून एक निष्कर्ष काढायचा, याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. पण बेरीज करण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते. हे सगळे अभ्यास एकच गोष्ट सांगताहेत का? एक म्हणतो भरपूर गुण आला, दुसरा म्हणतो थोडासा, तिसरा म्हणतो काहीच उपयोग झाला नाही. मग तिघांची नुसती सरासरी काढून हाती काय लागणार? आधी हा फरक का पडला ते शोधायचं. या फरकाला आमच्या विषयात विषमता म्हणतात.

विषमता हा शब्द मी लहानपणी जयंतीच्या भाषणांत ऐकला होता. ती नष्ट करायची असते, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे मी कॉलेजात काय करते हे आईला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आतापर्यंत आपून विषमता मिटवाचं आयकत आलो," ती म्हणाली, "अन तू ते शोधत फिरते? त्याचा पगारई भेटते तुले?"

"हाव," मी म्हटलं.

हे 'हाव' पुण्याच्या माणसाला ऐकवलं तर त्याला लोभ आठवतो. आमच्याकडे हाव म्हणजे हो. निदान शब्दकोशापुरतं तरी हो.

तर गोष्ट गुडघ्यांची आहे. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना मी सर म्हणते, गुडघ्यांच्या झिजेवर द्यायच्या एका इंजेक्शनच्या कोर्सवरचे अभ्यास गोळा केले होते. बरेचसे बाहेरचे, परप्रांतातले आणि परदेशातले. त्यांच्या जोडीला आपल्या भागातले तीन छोटे अभ्यास होते: एक अकोल्याचा, एक बाळापूरचा, एक धामणगाव रेल्वेचा. हे तिन्ही करणारे डॉक्टर सरांचे जुने विद्यार्थी. आकडे तपासायचं काम माझ्याकडे आलं.

असल्या अभ्यासांचं संगणकावर एक चित्र काढतात. प्रत्येक अभ्यासाचा एक चौकोन, गुण जितका जास्त तितका उजवीकडं, आणि चौकोनाच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ. रेघ जितकी लांब, तितकी त्या अभ्यासाची खात्री कमी. बाहेरच्या अभ्यासांचे चौकोन नेहमीसारखे इकडेतिकडे विखुरलेले होते. आमचे तिन्ही मात्र एकाखाली एक, गवंड्यानं ओळंबा सोडून लावावेत तसे. तिघांतली विषमता शून्य.

"बघा मॅडम," सर खूश होऊन म्हणाले, "आपल्या वऱ्हाडात कशी एकवाक्यता आहे."

"वऱ्हाडात, सर? इथं तीन माणसांचं चहात साखर किती घालायची यावर जमत नाही."

ते हसले. पण त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. आपली माणसं आयुष्यभर खाली बसतात, उकिडवी बसून कामं करतात, आपले गुडघे वेगळे, तेव्हा बाहेरचे विसंवादी अभ्यास वगळून फक्त आपल्या लोकांवरचा निष्कर्ष छापावा, असं त्यांना वाटत होतं. मला ते पटण्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच माझी शंका आणखी वाढली. अभ्यास लहान होते. लहान अभ्यासांत नुसत्या योगायोगानंसुद्धा थोडंफार मागंपुढं होतं. इथं तेवढंही नव्हतं. तिन्ही एकाच माळेचे मणी, आणि माळ कोण ओवतंय ते दिसत नव्हतं.

मग मी माणसांवर संशय घ्यायला लागले. आधी त्या तिघा डॉक्टरांवर. एकानं दुसऱ्याचे आकडे उचलले असतील असं धरून मी रुग्णांची वयं, वजनं, आधीच्या दुखण्याच्या नोंदी सगळं ताडून पाहिलं. काही जुळेना. तिन्ही ठिकाणची माणसं चांगली वेगवेगळी होती. मग सरांवर. त्यांच्या टेबलावर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, ते मी फार अर्थपूर्ण नजरेनं बघायला लागले. पुढं लक्षात आलं की तसंच कॅलेंडर माझ्याही खोलीत आहे आणि आमच्या स्वयंपाकघरातही, आणि त्यावर मी दूधवाल्याचे खाडे लिहिते. चोर सापडेना तशी माझी चिडचिड वाढली. घरी नवरा म्हणाला, "एखाद्या वेळेस खरंच गुण येत असेल." मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही.

माझ्या चिडण्याला दुसरंही कारण होतं. अकोल्याच्या त्या चौकोनात कुठंतरी माझी आई होती.

आई अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडं राहते. तिनं अंगणवाडीत नोकरी केली, म्हणजे सगळा जन्म लहान पोरांत खाली बसून काढला. निवृत्त झाली आणि गुडघ्यांनी दगा दिला. विहार आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. तिथं वंदनेला ती नेहमी पहिल्या रांगेत, सतरंजीवर. आता मागं भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या आहेत, तिथं खुर्चीवाल्या बायका बसतात. आईला तिथं बसायची लाज वाटायची. मूर्तीसमोर उंचावर बसून हात जोडायचे हे तिला कसंसंच वाटायचं. इंजेक्शनं घेतली ती एवढ्यासाठी, की पुन्हा सतरंजीवर बसता यावं. अकोल्याच्या त्या डॉक्टरांनी तिला अभ्यासात घेतलं. वर्षभर अधूनमधून फोन करून चौकशी करू म्हणाले, आणि त्यातल्या पहिल्या काही फोनांवरचे आकडे सरांपर्यंत पोचले होते.

मी फोनवर विचारायची, "आई, फरक आहे का?" ती म्हणायची, "हाव." आईच्या या उत्तरावर मी कधीच सगळा भरवसा ठेवलेला नाही, पण फोनवर गुडघा दिसत नाही. मध्यंतरी भाऊ म्हणाला की आई हल्ली विहारात जातच नाही. विचारलं तर म्हणते, ऊन फार आहे. आमच्या माहितीच्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं, त्यालाही ती नाही म्हणाली होती. गुण आला म्हणते आणि घरातून बाहेर पडत नाही. हे जुळेना.

एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेले. दुपारची वेळ. अकोल्याचं ऊन, कूलरची घरघर. भाऊ आणि वहिनी एका लग्नाला गेले होते. आई दिवाणावर पाय लांब करून बसली होती आणि दोन्ही हातांनी उजवा गुडघा दाबत होती. मला बघून तिनं हात काढून घेतले. मी काही म्हणणार इतक्यात तिचा फोन वाजला. कूलरच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून ती नेहमीच स्पीकर लावते.

"नमस्कार काकू," पलीकडून एक गोड आवाज आला, "दवाखान्यातून बोलतेय. गुडघ्याला आता बरं वाटतंय ना?"

"हाव."

"चालताना त्रास नाही ना काही?"

"हाव, हाव."

"म्हणजे छान आहे ना सगळं?"

"हाव जी. तुमी जेवल्या का?"

पलीकडची मुलगी हसली, जेवले म्हणाली, काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. आईनं फोन उशाशी ठेवला आणि हात पुन्हा गुडघ्यावर नेला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, त्रास नाही ना, असं तिनं विचारलं. तू हाव म्हणालीस. म्हणजे आहे की नाही?"

"आता मले काय मालूम तिनं कसं लिहिलं त."

"पण तू हाव कशाला म्हणालीस?"

"अवं, ते बोलून राहिली, त मी आयकून राहिली. हाव म्हणजे आयकून राहिली बा मी. मुकाट बसून आयकू का? ते बिचारी इतक्या आपुलकीनं इचारते, तिच्या तोंडावर नाही म्हनू?"

हे मला जन्मापासून माहीत आहे. आमच्याकडे माणूस बोलत असतो तेव्हा ऐकणारा हाव, हाव करत राहतो. त्यात होकार असतोच असं नाही, तुमचं ऐकतोय एवढंच असतं. आमच्या गल्लीत एखादा तासभर हाव हाव करेल आणि शेवटी उठून म्हणेल, "पन मले नाई पटलं." शिवाय प्रश्नाच्या शेपटीला 'ना' लावला की नाही म्हणणं हा आमच्याकडे उद्धटपणा होतो. सगळा महाराष्ट्र आम्हाला तोंडाचे फटकळ समजतो. आम्ही फटकळ आहोत ते आपल्या माणसांशी. दवाखान्यातून परकी मुलगी गोड आवाजात विचारते तेव्हा आम्ही तिचं मन राखतो.

"मग तुला गुण आलाय का?" मी विचारलं, आणि 'ना' टाळला.

"नाई," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "समद्याइले आला. डाक्तरच सांगत व्हते, या इंजेक्शननं समद्याइले आराम पडते. त्या पल्याडच्या गल्लीतल्या बाईलेई पडला म्हने. मलेच नाई पडला. माह्या हाडातच काई खोट असन. ज्याले इंजेक्शननं नाई झालं, त्याले ऑपरेशननं काय होईन? उगं पोराले खर्चात टाकाचं."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेमका कोणावर काढावा तेच कळेना. कोणीही खोटं बोललं नव्हतं. आई डॉक्टरांचा मान राखत होती, मुलगी आईशी प्रेमानं बोलत होती, डॉक्टर त्यांना मिळालेले आकडे सांगत होते. सगळ्यांना बरं आहे असं ऐकून प्रत्येक जण हाव म्हणत होता, आणि प्रत्येकानं हाव म्हटल्यामुळं सगळ्यांना बरं आहे असं ठरत होतं. आणि माझी आई एकटी घरात बसून स्वतःच्या हाडांना दोष देत होती.

सोमवारी कॉलेजात गेल्या गेल्या मी तिन्ही डॉक्टरांना फोन लावले. प्रत्येकाला एकच विचारलं, रुग्णांना नेमक्या कोणत्या शब्दांत विचारता? अकोल्याचं मला माहीतच होतं. धामणगावचे डॉक्टर म्हणाले, "बरं आहे ना आता, असं विचारतो." बाळापूरचे जरा तडकले. "मॅडम, दुसरं काय विचारणार? आणि लोक काय खोटं बोलतात का?" बाहेरच्या अभ्यासांत काय केलं होतं ते मी पुन्हा वाचलं. कुणी चालवून पाहिलं होतं, कुणी खुर्चीतून उठायला लावलं होतं, कुणी 'मुळीच नाही' ते 'असह्य' अशी रेघ आखून तिच्यावर रुग्णाकडूनच दुखण्याची खूण करून घेतली होती. तिथं माणसं एकमेकांपेक्षा वेगळी निघाली होती, कारण त्यांना वेगळं निघायला जागा होती. आमच्या तीन गावांत जुळत होतं ते गुडघ्यांचं नव्हतं, आमच्या बोलण्याच्या पद्धतीचं होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या आईवरून तीन गावांचा निष्कर्ष काढताय. शितावरून भाताची परीक्षा करू नका, हे तुम्हीच पोरांना शिकवता."

"शिकवते, सर. म्हणून तर म्हणते, भात पुन्हा एकदा बघा. फोन नको. माणसांना बोलवा, जिना चढायला लावा, खुर्चीतून उठायला लावा."

"आणि तसंच निघालं तर?"

"तर मी सही करते आणि सगळ्या विभागाला गिला वडा खाऊ घालते."

सर हसले नाहीत. त्यांना वाटलं मी त्यांच्या विद्यार्थ्यांना लबाड म्हणतेय, आणि खरं सांगायचं तर आधीचे कितीतरी दिवस मी तेच म्हणत होते. पण माणूस सरळ. त्यांनी तिघांनाही निरोप दिला. बाळापूरच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केली. अकोला आणि धामणगावला रुग्णांना खरंच बोलावून चालवून पाहिलं. दोन्ही चौकोन आपापल्या जागा सोडून वेगवेगळ्या दिशांना सरकले, आणि रेघा लांबल्या. काहींना चांगला गुण आला होता, काहींना जेमतेम, काहींना अजिबात नाही. एकवाक्यतेचा पेपर बारगळला. सर माझ्याशी अजून चहापुरतंच बोलतात. वडे वाचले, पण त्याचा आनंद झाला असं म्हणवत नाही.

हे आईला सांगायला मी पुन्हा अकोल्याला गेले. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. सांगितलं की तू एकटी नाहीस, बऱ्याच जणांना फरक पडलेला नाही, तुझ्या हाडात खोट बिट काही नाही. ती ऐकत राहिली, आणि या वेळी एकदाही हाव म्हणाली नाही. मग तिचा चेहरा कडू झाला.

"आंदी म्हने समद्याइले आराम. आता म्हने काईइले नाई. अन आता तू म्हनशीन ऑपरेशन कर, त्यानं नक्की होते. कोनावर इस्वास ठेवाचा माय मी?"

माझी खोड तिला लागली होती, आणि ती लागायला सबळ कारण होतं. तिला अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांकडं चल म्हणायला मी दोन-तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तीच म्हणाली, "पाहून घेऊ. पन इचाराचं मी इचारीन. तू मंधात बोलू नको."

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर लावला, गुडघा हलवून पाहिला, आईला चालवलं. गुडघा बदलावा लागेल म्हणाल्या. आईनं पदर सारखा केला आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, "या ऑपरेशननं समद्याइले बरं वाटते का?"

मी खाली बघत होते. आता त्या तोंडभरून हो म्हणतील, आई उठेल, आणि पुढची सगळी वर्षं त्या दिवाणावर काढेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"नाही, काकू," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना वाटतं. काही जणांचं दुखणं नंतरही राहतं, आणि का राहतं ते आम्हाला दरवेळी सांगता येत नाही."

"अन खाली बसता येईन का? सतरंजीवर?"

"ते नाही जमायचं. चालता येईल, जिना चढता येईल. पण खाली बसायचं मात्र विसरावं लागेल. खुर्चीच घ्यावी लागेल."

आईनं इंजेक्शनं घेतली होती ती याच एका गोष्टीसाठी. तिचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले, मग डॉक्टरीण बाईंकडं बराच वेळ निरखून पाहिलं.

"मंग करा," ती म्हणाली. "कवा येऊ ते सांगा."